बावन्न सेकंदांची हजेरी

रोज कानांवर पडणाऱ्या शब्दांचा अर्थ विचारायची आपल्याकडे फारशी रीत नाही. गणपतीच्या आरत्याच घ्या. ज्या घरात तीन पिढ्या मिळून आरत्या म्हणतात, त्या घरातही एखाद्या कडव्यावर आजोबा एक शब्द म्हणतात, नातू दुसराच म्हणतो, आणि झांजांच्या गजरात दोन्ही खपून जातात. देव कोणाचे उच्चार तपासत नाही, म्हणून निभावते. राष्ट्रगीताचे आणि राष्ट्रध्वजाचे थोडेफार असेच झाले आहे. शाळेच्या पटांगणात उन्हात उभे राहून आपण ते गीत शेकडो वेळा म्हटले, झेंड्याला शेकडो वेळा सलामी दिली. पण त्या गीतात नेमके काय सांगितले आहे आणि त्या कापडावर हे तीन रंग कसे येऊन बसले, असे कोणी विचारले तर भलेभले शिकलेले लोक छताकडे पाहू लागतात.

हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. ३४ वर्षे मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात इतिहास आणि भूगोल शिकवला. सोलापूर हे मोठे गमतीचे गाव आहे. पूर्व भागात गेलात तर मागांच्या खडखडाटात तेलुगू ऐकू येते, बाजारात कानडी, विजापूर वेशीकडे उर्दू, आणि या सर्वांना एकमेकांशी बोलायला सोलापुरी हेल असलेली मराठी. अशा वर्गात पाठ्यपुस्तकातली गुळगुळीत उत्तरे फार वेळ टिकत नाहीत. झेंड्याचा आणि राष्ट्रगीताचा जो काही अर्थ मला उमगला, तो निम्मा ग्रंथालयात उमगला आणि निम्मा माझ्या मुलांनी आणि त्यांच्या घरच्या माणसांनी समजावून दिला. त्याचाच हा हिशेब वाचकांपुढे मांडत आहे.

पहिला प्रश्न एका मुलीने विचारला. ती अक्कलकोटकडची, घरी कानडी बोलणारी. ऑगस्टचा महिना होता आणि राष्ट्रगीताचा सराव चालला होता. वर्गात आल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, त्यात पंजाब आहे, गुजरात आहे, मराठा आहे. आमचं कानडीवाल्यांचं नाव कुठं आहे?"

तिच्या मागून लगेच दुसरा उठला. "सर, आणि सिंध तर पाकिस्तानात आहे की! ते कशाला म्हणायचं?"

प्रश्न सरळ होते, आणि उत्तर द्यायचे तर आधी १९११ सालचा नकाशा काढावा लागत होता. मी तो काढला. रवींद्रनाथ ठाकुरांचे हे गीत पहिल्यांदा जाहीरपणे गायले गेले ते २७ डिसेंबर १९११ रोजी, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात. त्या दिवशीचा सरकारी नकाशा समोर ठेवून गीतातली सात नावे शोधू लागलो, तर मोठी मौज दिसली. सातांपैकी पंजाब तेवढा आपल्या नावाने सरळ सापडतो. सिंध, गुजरात आणि मराठा ही तिन्ही नावे मुंबई इलाख्याच्या पोटात गुडूप झालेली. होय, सिंधसुद्धा! कराची आणि सोलापूर तेव्हा एकाच इलाख्यात होते. सिंध वेगळा झाला तो १९३६ साली. द्रविड देश मद्रास इलाख्यात. उत्कल, म्हणजे ओरिसा, बंगालला जोडलेला. त्याचाही स्वतंत्र प्रांत १९३६ सालीच झाला. आणि ज्या वंगभूमीत हे गीत गायले जात होते तिचे तर दोन तुकडे झालेले. ती फाळणी रद्द होणार, ही घोषणा दिल्लीच्या दरबारात पंधराच दिवसांपूर्वी झाली होती, आणि अंमल व्हायचा होता.

म्हणजे कवीने सरकारी नकाशा उघडून गीत लिहिले नव्हते. साहेबाने सोयीसाठी ज्या लोकांची एका इलाख्यात गाठोडी बांधली होती, त्यांना त्याने एकेकाच्या नावाने हाक मारली. महाराष्ट्र नावाचे राज्य व्हायला अजून ४९ वर्षे होती. पण १९११ सालच्या त्या गीतात आपले नाव वेगळे घेतलेले होते. १ मे १९६० ला मुंबईत जे घडले ते या अर्थाने त्या हाकेला दिलेली ओच म्हणायची.

हे सर्व मी मुलांना सांगितले. वर मुलीला म्हटले, "तुझा मुलूख त्या वेळी म्हैसूर, मुंबई, मद्रास आणि निजाम अशा चार ठिकाणी वाटला गेला होता. शिवाय लग्नाचे बोलावणे करताना आपण घरातल्या थोरल्या माणसाचे नाव लिहितो आणि पुढे 'सहकुटुंब सहपरिवार' म्हणतो. द्रविड म्हटले की त्यात तुम्हीही आलात."

ती क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हणजे आम्ही सहकुटुंबात येतो. पण सर, पत्रिकेवर नाव असलेलं बरं असतं."

वर्ग हसला. मी मात्र ते वाक्य विसरलो नाही. त्याच दिवशी माझ्या मनात असे आले की, आम्ही मास्तर लोक सकाळी वर्गात गेल्यावर पहिले काम कोणते करतो? हजेरी घेतो. हे गीतही तेच करते. संपूर्ण म्हणायला सुमारे ५२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात आधी सात प्रदेशांची नावे घेतली जातात, मग दोन पर्वत, दोन नद्या आणि समुद्र. डोंगर, पाणी, माणसे, सर्वांची हजेरी.

आणि आपण म्हणतो ते तर पहिलेच कडवे. मूळ गीताला पाच कडवी आहेत. दुसऱ्या कडव्यात कवी धर्मांची नावे घेतो: हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती. तिसऱ्यात चढउतारांनी भरलेली युगायुगांची वाट आहे, त्या वाटेने चाललेले यात्रेकरू आहेत आणि त्यांचा रथ हाकणारा सारथी आहे. चौथ्यात काळोखी रात्र आणि उशाशी जागणारी आई. पाचव्यात पहाट. पंचम जॉर्ज बादशहाची ही स्तुती आहे, असा एक जुना प्रवाद अजूनही कुठेकुठे डोके वर काढतो. बादशहा त्याच महिन्यात हिंदुस्थानात आलेला होता आणि काही इंग्रजी वृत्तपत्रांनी बातमीत घोळ घातला, हे त्याचे मूळ. खुद्द रवींद्रनाथांनी १९३७ साली एका पत्रात हा आरोप झटकून टाकला: युगानुयुगे माणसांचा रथ हाकणारा तो सारथी कोणी पंचम जॉर्ज असू शकत नाही, पंचम नाही की षष्ठ नाही, असा त्यांचा भाव होता. उरलेली चार कडवी वाचली असती तर मुळात शंकाच उरली नसती.

सिंधच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला पुस्तकात मिळाले नाही. ते नव्या पेठेतल्या एका कापडाच्या दुकानात मिळाले. दुकानदार सिंधी गृहस्थ. फाळणीत लहानपणी आईबापांबरोबर सक्करहून निघाले, कल्याणच्या छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, काही वर्षे काढली आणि पुढे सोलापूरच्या चादरींच्या व्यापारात शिरून इथलेच झाले. त्यांच्या दुकानापलीकडे एक प्राथमिक शाळा होती. सकाळी शाळेतून राष्ट्रगीत सुरू झाले की हा गृहस्थ हातातला गज खाली ठेवून, गिऱ्हाईक समोर असले तरी, उभा राहायचा. मी एकदा माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न त्यांना सांगितला. ते रागावतील असे वाटले होते. ते हसले.

"मास्टरजी, घर गेला, जमीन गेली, दुकान गेला. पण ही पोरं रोज सकाळी माझ्या मुलुखाचा नाव घेतात. दुसरा कोण घेतो आमचा नाव?"

पुढे हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. सिंध आता भारतात नाही, तेव्हा तो शब्द काढावा, अशी मागणी झाली; २००५ साली न्यायालयाने ती फेटाळली. सिंध म्हणजे केवळ जमिनीचा तुकडा नव्हे, ती माणसे आणि त्यांची संस्कृतीही आहे, असा त्याचा आशय होता. नव्या पेठेतले ते गृहस्थ तोवर वारले होते. नाहीतर पेढे घेऊन आले असते.

हजेरीचा आणखी एक धडा मला केरळातल्या तीन भावंडांनी दिला. ती मुले ज्या ख्रिस्ती पंथातली, तो पंथ देवाखेरीज कोणाचेही स्तोत्र गात नाही. शाळेत राष्ट्रगीत सुरू झाले की ती अदबीने उभी राहत, पण तोंड उघडत नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, मुले आदराने उभी राहत होती, गायलाच पाहिजे असा कायदा नाही, त्यांना परत शाळेत घ्यावे. निकाल वृत्तपत्रांत आला तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत मोठी खडाजंगी झाली. एक सहकारी तावातावाने म्हणाले, "मग राष्ट्रगीताला अर्थ काय राहिला?" मी त्यांना एवढेच म्हटले, "तुमच्या वर्गात एखादा लाजरा मुलगा नाव घेतल्यावर 'हजर' म्हणत नाही, नुसता उभा राहतो. त्याला तुम्ही गैरहजर मांडता काय?" ते चहा पिऊ लागले.

हजर मानण्याची ही वृत्ती राष्ट्रगीताच्या निवडीतही दिसते. 'वंदे मातरम्' की 'जन गण मन', हा वाद त्या काळी चांगलाच रंगला होता. आपल्या महाराष्ट्रापुरते सांगायचे तर मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी 'वंदे मातरम्' साठी जिवाचे रान केले. या गीताला चाल बसत नाही, ते वाद्यवृंदावर वाजत नाही, हा आक्षेप खोडून काढण्यासाठी त्यांनी झिंझोटी रागात चाल बांधली आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांपुढे ती ऐकवली. दरम्यान १९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली होती, आणि जवळ तबकडी होती ती 'जन गण मन' ची. तीच वाजली आणि परक्यांनाही आवडली, असे पंडित नेहरूंनी पुढे सांगितले. अखेर २४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी घटना समितीत जाहीर केले की 'जन गण मन' हे राष्ट्रगीत, आणि स्वातंत्र्यलढ्यात ज्याने एवढी मोठी कामगिरी बजावली त्या 'वंदे मातरम्' ला त्याच्या बरोबरीचा मान. ज्याची निवड झाली नाही त्यालाही दाराबाहेर उभे केले नाही.

आता झेंड्याकडे वळू.

झेंड्याविषयी मला पहिल्यांदा शिकवले ते पूर्व भागातल्या एका विणकराने. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. एका १४ ऑगस्टला मी शाळेचा झेंडा पेटीतून काढून घडी तपासत होतो, तेव्हा हे पद्मशाली गृहस्थ मुलाचा दाखला न्यायला आलेले. त्यांनी झेंड्याचे कापड अंगठा आणि बोट यांच्यामध्ये हलकेच धरले, डोळ्यांजवळ नेले, आणि म्हणाले, "खादी आहे, हाताची आहे. सूत दोन्ही बाजूंनी बरोबर पडलंय." मग जरा थांबून अभिमानाने म्हणाले, "हा झेंडा काढणारा माणूस आमच्या भाषेचा, सर."

त्यांचे म्हणणे रास्त होते. मच्छलीपट्टणच्या बाजूचे पिंगली वेंकय्या यांनी १९२१ साली बेझवाड्याला, म्हणजे विजयवाड्याला, काँग्रेस समितीच्या बैठकीच्या वेळी गांधीजींपुढे झेंड्याचा आराखडा ठेवला. त्यात लाल आणि हिरवा असे दोन रंग होते. एक हिंदूंचा, एक मुसलमानांचा. बाकीच्यांसाठी पांढरा आणि मध्ये चरखा, ही भर गांधीजींनी सुचवली. वेंकय्या पुढे १९६३ साली गरिबीतच वारले, ही गोष्ट त्या विणकराला ठाऊक होती आणि ती सांगताना त्याचा आवाज उतरला.

आजही शाळाशाळांत मुलांना कोणता रंग कोणत्या धर्माचा असे सांगणारे लोक भेटतात. पण ही वाटणी १९३१ सालीच मोडीत निघाली आहे. रंग धर्मावारी वाटायला निघाले की गोष्ट कुठे थांबायची? शिखांनी रास्तपणे विचारले, आमचा रंग कुठे आहे? तेव्हा काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. त्यात सरदार पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, जवाहरलाल नेहरू, पट्टाभि सीतारामय्या होते, सेवादलाचे डॉ. हर्डीकर होते आणि साताऱ्यात जन्मलेले आपले काका कालेलकरही होते. या समितीने सबंध केशरी झेंडा सुचवला. तो मान्य झाला नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईला काँग्रेस महासमितीने केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन पट्टे ठरवले आणि स्पष्ट सांगितले की यातला कोणताही रंग कोणत्याही जातीधर्माचा नाही. केशरी धैर्याचा आणि त्यागाचा, पांढरा सत्याचा आणि शांतीचा, हिरवा श्रद्धेचा आणि पराक्रमाचा. म्हणजे प्रत्येकाला एकेक पट्टा वाटून देण्याऐवजी तिन्ही पट्टे सर्वांचे, असा तो निर्णय होता. एकत्र कुटुंबात वाटणीचा विषय निघावा आणि शेवटी सबंध शेत सामाईकच ठेवायचे ठरावे, तसे.

हा निर्णय कागदावर होण्याच्या सात महिने आधी आमच्या सोलापूरने तो दुसऱ्या रीतीने दाखवून दिला होता. १९३० सालीच इथल्या नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. त्याच वर्षी मे महिन्यात चळवळ पेटली आणि शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. ही चार नावे एकाखाली एक फळ्यावर लिहून मी दर वर्षी मुलांना विचारत असे, "आता यांना झेंड्याचे पट्टे वाटून द्या बघू." कोणालाही ते जमले नाही.

चरख्याच्या जागी चक्र आले ते २२ जुलै १९४७ रोजी. त्या दिवशी नेहरूंनी घटना समितीत ठराव मांडला आणि सभासदांना दोन झेंडे दाखवले, एक रेशमी खादीचा आणि एक सुती खादीचा. चरखा का बदलला, याचे त्यांनी दिलेले एक कारण मला फार आवडते, कारण ते अगदी व्यवहारातले आहे. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसला पाहिजे, आणि चरखा एका बाजूने पाहिला तर सुलटा, दुसऱ्या बाजूने उलटा दिसतो. सारनाथच्या अशोकस्तंभावरचे चक्र कुठूनही पाहा, सारखेच दिसते. त्याचे आरे २४. पहिल्या रांगेत बसणाऱ्याला एक झेंडा आणि मागे उभ्या असणाऱ्याला दुसराच, असे होऊ नये, एवढा अर्थ मला पुरेसा वाटतो.

स्वतंत्र देशाने वस्तूंची मानके ठरवायला घेतली तेव्हा १९५१ साली पहिल्या क्रमांकाचे मानक काढले ते राष्ट्रध्वजाचे. सिमेंट नाही, पोलाद नाही, आधी झेंडा. सूत, वीण, रंगाचा पक्केपणा, शिवण, सर्वांची मापे त्यात आहेत. झेंड्याची लांबी-रुंदी नेहमी तीनास दोन. आकार नऊ, सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलीमीटरचा, सर्वांत लहान १५० बाय १०० चा. हुबळीजवळ बेंगेरीला आणि आपल्या मराठवाड्यात नांदेडला खादीचे हे झेंडे तयार होतात. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली, त्यामुळे झेंडा स्वस्त झाला आणि घरोघर गेला. माझ्या त्या विणकर मित्राच्या बोटांना तो कसा लागला असता, हे मात्र मला सांगता यायचे नाही.

घरोघर गेला, असे मी म्हटले खरे. पण झेंड्याच्या या जाण्यालाच माझ्या मते सर्वांत मोठा अर्थ आहे. तो सगळीकडे एकाच दिवशी पोचला नाही. दिल्लीत १५ ऑगस्ट १९४७ ला पोचला. त्याच दिवशी हैदराबाद संस्थानात तो फडकवल्याबद्दल स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात जावे लागले. आमच्या सोलापूरपासून तुळजापूर किती लांब? मोटारीने तासाभराची वाट. पण तेवढी वाट चालायला झेंड्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेरा महिने लागले. गोव्यात तो १९ डिसेंबर १९६१ ला पोचला, आणि त्याआधी १५ ऑगस्ट १९५५ ला तो हातात घेऊन सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या गोळ्या खाल्ल्या. सामान्य माणसाच्या घरावर वर्षाचे सर्व दिवस तो लावायची मोकळीक तर २६ जानेवारी २००२ ला मिळाली.

आणि काही माणसांपर्यंत तो कधी पोचला, हे मला एका म्हाताऱ्याने सांगितले.

१९८७ साल. स्वातंत्र्याला ४० वर्षे झाली म्हणून शाळेने ठरवले की, १९४७ साल पाहिलेल्या आजी-आजोबांना मुलांनी झेंडावंदनाला घेऊन यावे. आदल्या दिवशी मी सराव घेत होतो आणि नेहमीप्रमाणे मुलांना सांगत होतो की राष्ट्रगीत ही देशाची हजेरी आहे. पटांगणाच्या कडेला एक पागोटेवाला म्हातारा काठीला टेकून उभा होता. सेटलमेंटमधून येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याचा तो आजा. मुले गेल्यावर तो जवळ आला.

"गुरुजी, हजेरी म्हनालात न्हवं?"

"होय, बाबा."

"हजेरी आमाला ठावं हाय."

बाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे की, इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा करून काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले होते. त्या कायद्याखाली सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत होती. लोक तिला सेटलमेंट म्हणत, अजून म्हणतात. आत राहणाऱ्यांची रोज हजेरी व्हायची. बाहेर कामाला जायचे तर पास लागायचा. हाकेला जो सापडला नाही तो गुन्हेगार. म्हातारा त्या कुंपणात वाढलेला.

"पंधरा ऑगस्टला कुंपनाच्या आत बी झेंडा लावला," तो म्हणाला. "गोड वाटलं. पोरं नाचली. आन् सांजच्याला परत हजेरी घेतली."

मी काय बोलणार? तो कायदा देशातून पुरता हद्दपार व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. ते लोक तो दिवस विमुक्तदिन म्हणून पाळतात. हे सर्व मला पाठ होते. पण 'सांजच्याला' हा शब्द कोणत्याही पुस्तकात नव्हता.

थोडा वेळ तो झेंड्याच्या रिकाम्या काठीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्या हजेरीत आमी पळालो का, ते बघायचे. ह्या हजेरीत आमी पोचलो का, ते बघत असाल, तर उद्या येतो."

तो आला. धुतलेले धोतर, डोक्याला तेच पागोटे. त्याला गीताचा एक शब्द येत नव्हता, पण सावधान कसे उभे राहायचे ते आमच्या कवायतीच्या मास्तरांनाही त्याच्याकडून शिकता आले असते. बावन्न सेकंद तो हलला नाही. तो कशासाठी एवढा ताठ उभा राहायला शिकला होता, हे आठवून मला वर झेंड्याकडे पाहणे जड गेले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी दर ऑगस्टमध्ये मुलांना एकच गृहपाठ देत असे: आपल्या घरी झेंडा कधी पोचला, ते घरी विचारून लिहून आणा. पहिल्या वर्षी मुलांनी सरसकट १५ ऑगस्ट १९४७ लिहिले. मग समजावून सांगितल्यावर मजेदार उत्तरे येऊ लागली. एकीने लिहिले, आजीने पहिले मत दिले तेव्हा. एकाने लिहिले, वडिलांच्या नावाने कूळकायद्यात जमीन झाली तेव्हा. एकाने आपल्या वाडीत वीज आली ते साल दिले. एका मुलीने लिहिले, "माझी थोरली बहीण दहावी पास झाली तेव्हा, कारण आमच्यात ती पहिली." आणि एका मुलाने नुसते नाव घालून कागद कोरा दिला. त्याला मी पूर्ण गुण दिले.

झेंड्याच्या नियमांत एक फार सुंदर नियम आहे. तो झपाट्याने चढवायचा आणि सावकाश, अदबीने उतरवायचा. दुःखाच्या प्रसंगी अर्ध्यावर आणायचा असला तरी आधी तो टोकापर्यंत चढवावा लागतो, आणि मगच खाली घ्यावा लागतो. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा एकदा टोकापर्यंत नेऊन मग. जवानाच्या शवपेटीवर तो पांघरतात तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे असतो. पण तो त्याच्याबरोबर पुरत नाहीत की जाळत नाहीत. झेंडा मागे राहिलेल्यांसाठी परत घ्यायचा असतो.

वाचकहो, येत्या २६ जानेवारीला आपण पुन्हा कुठल्या तरी पटांगणात, सोसायटीच्या गच्चीवर किंवा ग्रामपंचायतीपुढे उभे असाल. गीत मोठ्याने म्हणा, शब्द नीट म्हणा, झेंडा सुलटा बांधला आहे ना ते पाहा. आणि घरी परतताना वाटेत जरा आठवून बघा, आपल्या गावातले, आपल्या गल्लीतले कोण आज तिथे दिसले नाही. सकाळीच कामावर गेलेली भांडीवाली बाई असेल, रस्त्याच्या कामावरचा मजूर असेल, पालातली पोरे असतील. मास्तरांच्या हजेरीपटात अशा नावापुढे फुली मारून भागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन यावे लागते.